जुना ‘मोस्ट वाँटेड’ नव्याने खेळायला बसताना

सुट्या लागल्या की अमरावती-अकोल्याकडच्या वाचकांकडून एका जुन्या गेमची हमखास विचारणा होते. ‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड’. विचारणाऱ्यांत काही जण असे, की ज्यांनी कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून तो खेळला आणि आता घरी लेकरांना दाखवायचा आहे. बाकीची ती लेकरंच. प्रश्न ठरलेले असतात. कोणता घ्यायचा? नव्या लॅपटॉपवर का चालत नाही? पहिली गाडी कोणती? आणि सगळ्यांत जास्त वेळा येणारा : ‘गाडी भितीवरच जाते ना जी, काय करू?’

या शेवटच्या प्रश्नाला खाली जास्त जागा दिली आहे, कारण बहुतेक जण तिथेच कंटाळून गेम सोडतात. तुम्ही सोडू नये असं मनापासून वाटतं. वीस वर्षांपूर्वीचा हा गेम आजही हात शिकवतो.

आधी साल पाहा, मग पैसे द्या

‘मोस्ट वाँटेड’ नावाचे दोन वेगळे गेम आहेत. पहिला नोव्हेंबर २००५ मधला, ईए ब्लॅक बॉक्सने बनवलेला. शहराचं नाव रॉकपोर्ट, एकेक करून हरवायच्या पंधरा जणांची ‘ब्लॅकलिस्ट’, सगळ्यांत वर रेझर आणि त्याने तुमच्याकडून लाटलेली निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम-थ्री जीटीआर. कॅफेत खेळलात तो हाच.

दुसरा २०१२ चा, क्रायटेरियनचा. त्यात शहर फेअरहेवन, बऱ्याचशा गाड्या रस्त्याकडेला उभ्या सापडतात, आणि जुनी गोष्ट, तिच्यातली मिया, सार्जंट क्रॉस ही पात्रं यांतलं काहीच नाही. स्टीमवर आणि ईएच्या ॲपवर मिळतो तो हा २०१२ चा. २००५ चा तिथे विकत मिळत नाही. सेल लागला की नाव बघून कित्येक जण घाईने घेतात आणि सुरू केल्यावर चेहरा पडतो.

चुकून घेतलाच असेल तर घाबरू नका. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मागता येतात. म्हणून सुरू केल्यावर दहा मिनिटांतच शहराचं नाव बघून घ्या.

जुनी डिस्क घेताना

२००५ चा गेम हवा असेल तर सेकंडहँड डिस्क हाच सरळ मार्ग आहे. तो पीसीवर आला होता, तसाच प्लेस्टेशन टू, एक्सबॉक्स, एक्सबॉक्स ३६० आणि गेमक्यूबवरही.

- पीसीची डिस्क असेल तर डब्यात किंवा पुस्तिकेवर छापलेला कोड आहे का, ते आधी पाहा. कोडशिवाय डिस्क घरी आणून उपयोग नाही.
- प्लेस्टेशन टूची डिस्क असेल तर डिस्क आणि तुमचं यंत्र एकाच प्रदेशाचं आहे ना, याची खातरजमा करा. अमेरिकेतून कुणी आणलेली डिस्क इथल्या यंत्रावर चालेलच असं नाही.
- डिस्क उजेडात तिरकी धरा. मधून कडेकडे जाणारे ओरखडे सहसा चालून जातात, गोल फिरणारे त्रास देतात.
- दुकानातून घेत असाल तर चालवून दाखवायला सांगा आणि बिल घ्या.

आता नव्या लॅपटॉपची अडचण. गेमला ताकद फारशी लागत नाही. १.४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि ३ जीबी जागा एवढंच तेव्हा मागितलं होतं. आजचा साधा लॅपटॉपही त्याच्या कितीतरी पुढे आहे. अडतं ते डिस्कवरच्या ‘सेफडिस्क’ नावाच्या कुलपापाशी. सुरक्षेला धोका म्हणून विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने ते चालवणंच बंद केलं, आणि २०१५ च्या एका अपडेटने विंडोज ७ आणि ८ वरही ते आपोआप चालेनासं झालं. म्हणजे डिस्क अस्सल असूनही गेम उघडत नाही. दोष तुमच्या डिस्कचाही नाही आणि दुकानदाराचाही नाही. घरात माळ्यावर एक्सपीचा जुना संगणक पडला असेल तर तो खाली काढा, धूळ झटका आणि फक्त गेमसाठी ठेवा. त्याला इंटरनेट जोडू नका. एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळणं २०१४ मध्येच थांबलं आहे.

फुकट मिळतो तो घ्यावा का?

घेऊ नका. ‘कंपनी विकतच नाही, मग चोरी कसली?’ असं अनेक जण लिहितात. कॉपीराइट गेम जुना झाल्याने किंवा दुकानातून गेल्याने संपत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही संगणकावर वापरणं हा गुन्हा आहे : सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच. उलट, डिस्क तुमची स्वतःची असेल तर ती खराब होईल या भीतीने एक प्रत जपून ठेवायला त्याच कायद्याचं कलम ५२ मुभा देतं.

कायद्याहून जवळचा धोका वेगळाच. ज्या लॅपटॉपवर वडिलांचं बँक खातं उघडतं, त्याच लॅपटॉपवर कुठून तरी उतरवलेली ‘सेटअप’ फाइल चालवली जाते, आणि ती फाइल आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगते. एवढं सांगणारी फाइल तिथेच पुसून टाका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

दुकानदाराने फसवलं असेल, म्हणजे २००५ चा सांगून दुसराच दिला किंवा चालत नसलेली डिस्क परत घेत नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग अमरावतीत आहे, अकोल्यातही आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र शेजारच्या पोराकडून घेतलेल्या डिस्कसाठी हा रस्ता नाही. ग्राहक कायद्याला समोर व्यापारी लागतो.

बसण्याआधी यंत्राकडे बघा

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि घरोघरी कूलर चालू असतो. सीपीयू कूलरच्या झोतात ठेवू नका. ती हवा गार वाटते, पण ओली असते. संगणक पंख्याखाली, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. दुपारी खेळायचंच असेल तर मध्ये मध्ये विश्रांती द्या.

वीज गेली आणि नेमका त्याच क्षणी गेम सेव्ह होत असेल, तर सगळी मेहनत जाऊ शकते. तुमचं करिअर, म्हणजे गेममधली आतापर्यंतची प्रगती, ‘माय डॉक्युमेंट्स’मधल्या ‘एनएफएस मोस्ट वाँटेड’ या फोल्डरमध्ये साठतं. आठवड्यातून एकदा ते फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

कीबोर्डची एक चाचणी आत्ताच करा. नोटपॅड उघडा, वरचा आणि डावा बाण दाबून धरा आणि स्पेसबार हाणा. जागा सुटली नाही, तर तुमचा कीबोर्ड ती तीन बटणं एकत्र ओळखत नाही. गेममध्ये नेमकी हीच तीन बटणं एकत्र लागतात : गॅस, वळण, हँडब्रेक. ‘हँडब्रेक लागतच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांची अडचण हीच असते. पर्यायांत जाऊन हँडब्रेक दुसऱ्या बटणावर ठेवा आणि पुन्हा तपासा.

रुंद पडद्यावर चित्र ताणलेलं दिसेल, कारण गेम जुन्या चौकोनी मॉनिटरसाठी बनला आहे. गाडी फुगल्यासारखी दिसते, एवढंच. खेळायला अडत नाही.

गाडी भिंतीवर का जाते?

कारण तुम्ही वळणात ब्रेक दाबता. नवा खेळाडू सरळ रस्त्यावर बोट गॅसवरून काढतच नाही, वळण दिसलं की घाबरून ब्रेक आणि वळण एकदम दाबतो. गाडी वळतही नाही, थांबतही नाही, सरळ कठड्याला जाते. शंकरपट पाहिलेल्यांना हे नव्याने सांगायला नको : जोडी कितीही तेज असो, धुरकऱ्याचा हात बसला नसेल तर ती आडवीच जाते.

क्रम असा ठेवा.

1. वळण पडद्यावर दिसायच्या आधी कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर दिसतं. नजर तिथे टाकायची सवय लावा.
2. उजवं वळण असेल तर आधी रस्त्याच्या डाव्या कडेला या.
3. गाडी सरळ असतानाच ब्रेक दाबा आणि वळायच्या आधी सोडा.
4. मग वळवा. आतल्या कडेला घासून जाईल इतकी आत येऊ द्या.
5. वळणाचा मध्य ओलांडला की गॅस. गाडी आपसूक बाहेरच्या कडेला जाते, जाऊ द्या.

कीबोर्डवर बाण म्हणजे पूर्ण वळण किंवा काहीच नाही, अधलंमधलं काही नसतं. म्हणून बाण दाबून धरू नका, टकटक करा. लांबट वळणात तीन-चार छोट्या टिचक्यांनी गाडी जितकी सुरेख जाते, तितकी एका लांब दाबण्याने कधीच जात नाही. हँडब्रेक फक्त काटकोनी वळणासाठी, तोही क्षणभर. जास्त धरलात तर गाडी गरकन फिरेल आणि बाकीचे निघून जातील.

‘स्पीडब्रेकर’ नावाचं एक बटण आहे. आपल्या गतिरोधकाशी त्याचा संबंध नाही. ते दाबलं की वेळ मंदावतो आणि गाडी घट्ट वळते. चुकलेलं वळण सावरायला ते ठेवा, प्रत्येक वळणावर उधळू नका. वेगाने चालवत राहिलं की ते पुन्हा भरतं.

सराव करिअरमध्ये करू नका. ‘क्विक रेस’मध्ये जाऊन स्वतःची शर्यत बनवा : सर्किट, वाहतूक कमीत कमी, प्रतिस्पर्धी कमीत कमी, फेऱ्या जास्त. गिअर ऑटोमॅटिक, कॅमेरा गाडीच्या मागचा. एकच रस्ता पुन्हा पुन्हा चालवा. भिंतीला न लागता सलग दोन फेऱ्या झाल्या की करिअर उघडा, त्याआधी नाही. हा सल्ला पोरांना जड जातो, पण पुढे हाच कामाला येतो.

पहिली गाडी

सुरुवातीला हाती येते ती बीएमडब्ल्यू, जी रेझर लवकरच बळकावतो. तिचा मोह धरू नका, ती जाणारच, गोष्टच तशी आहे. त्यानंतर चार गाड्या समोर येतात : फियाट पुंटो, शेव्हर्ले कोबाल्ट, लेक्सस आयएस-३०० आणि फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. पुंटो ओळखीची वाटेल, आपल्याकडे २००९ पासून ती रस्त्यावर दिसत होती.

माझं मत कोबाल्टला. कारण सोपं आहे. ब्लॅकलिस्टमधला पंधरावा सनी गोल्फ चालवतो आणि चौदावा टॅझ लेक्सस. त्यांना हरवल्यावर त्यांच्याच गाड्या तुमच्याकडे येण्याची शक्यता असते. जे फुकट मिळू शकतं त्यावर पहिले पैसे का घालायचे?

पैशाचं म्हणाल तर आधी टायर, मग इंजिन, मग ब्रेक आणि सस्पेन्शन. नायट्रस, म्हणजे क्षणभर वेग वाढवणारी सोय, नंतर. रंग, स्टिकर, मागचा पंखा यांवर पहिल्या दिवशी खर्च करू नका. त्यांचा खरा उपयोग पुढे पोलिसांच्या संदर्भात येतो. आणि गाड्या बदलत बसू नका. विकताना तुम्ही घातलेले सगळे पैसे परत येत नाहीत.

शर्यतींबद्दल थोडक्यात

सुरुवातीला इंजिनाचा काटा हिरव्या पट्ट्यात धरून सुटलात तर गाडी झेपावते. सर्किट आणि स्प्रिंट समजायला सोपे. ‘लॅप नॉकआउट’मध्ये प्रत्येक फेरीला शेवटचा बाहेर जातो, तिथे पहिला येण्यापेक्षा न आदळणं महत्त्वाचं. ‘टोलबूथ’मध्ये उरलेला वेळ पुढच्या नाक्याला जोडून मिळतो. ‘स्पीडट्रॅप’मध्ये कॅमेऱ्यापाशी जेवढा वेग तेवढी बेरीज, म्हणून नायट्रस कॅमेऱ्याच्या थोडं आधी. ‘ड्रॅग’मध्ये गिअर तुम्हीच टाकायचे, काटा लाल पट्ट्यात राहिला तर इंजिन जातं, समोरच्या गाडीवर आदळलात तर शर्यतच संपते.

तुम्ही कितीही पुढे गेलात तरी मागचे अचानक जवळ येतात. तो तुमचा दोष नाही, गेमच त्यांना ओढून आणतो. म्हणून थोडा नायट्रस शेवटच्या सरळ रस्त्यासाठी राखून ठेवा.

पोलीस मागे लागले की

ब्लॅकलिस्टवरच्या माणसाला आव्हान द्यायचं तर नुसत्या शर्यती जिंकून भागत नाही. ‘माइलस्टोन’ आणि ‘बाउंटी’ म्हणजे पोलिसांना चकवून मिळणारी कमाईही लागते. इथे नवखे एक गोष्ट विसरतात : पकडले गेलात तर त्या पाठलागातली कमाई हाती लागत नाही. सुटलात तरच ती तुमची. तेव्हा हाव किती धरायची, हे ठरवूनच निघा.

- निघण्याआधी माइलस्टोनची यादी वाचा. नाकाबंदी फोडणं, पोलीस गाड्यांना घासणं, ठरावीक वेळ पळणं. एकाच पाठलागात दोन-तीन गोष्टी साधतात.
- थांबू नका. चहूबाजूंनी घेरून वेग उतरला की अटक होते. उलट मागे जायलाही कचरू नका.
- नाकाबंदीत मोकळी फट नसेल तर उभ्या गाडीच्या मागच्या भागावर धडका. इंजिन पुढे असतं, मागची बाजू सहज सरकते.
- रस्त्यावर काट्यांची पट्टी टाकलेली असेल तर ती कोणत्या बाजूला आहे ते बघून दुसरी बाजू धरा. स्पीडब्रेकरचं बटण इथे सोन्यासारखं कामी येतं. टायर फुटले की खेळ संपल्यात जमा.
- समोरून अंगावर येणाऱ्या मोठ्या गाड्यांशी टक्कर घेऊ नका. शेवटच्या क्षणी बाजूला व्हा.
- नकाशावर लाल त्रिकोण दिसतात, ते ‘पर्सूट ब्रेकर’. पेट्रोलपंप, पाण्याची टाकी, डोनटची भलीमोठी पाटी. पोलीस अगदी मागे असतील तेव्हाच त्यातून जा, म्हणजे ढिगारा त्यांच्यावर पडतो.
- नजरेआड झालात की पडद्यावरची सुटकेची पट्टी भरायला लागते. नकाशावरच्या लपायच्या जागी जाऊन गप्प उभे राहा. नव्यांचा धीर नेमका इथे सुटतो आणि ते पुन्हा हमरस्त्यावर येतात.

प्रत्येक पाठलागानंतर गाडीची ‘हीट’ वाढते आणि पुढच्या वेळी पोलीस जास्त कडक येतात. ती उतरवायला गाडीचं रूप बदलायचं : रंग, बॉडी किट, स्टिकर. मघाशी राखून ठेवायला सांगितलेले पैसे ते यासाठी. प्रत्येक अटकेला गाडीवर एक खूण पडते, तीन झाल्या की गाडी जप्त. दंड भरायला पैसे नसतील तर करिअर अडचणीत येतं, म्हणून थोडी शिल्लक कायम ठेवा.

पालकांनी विचारलेलं

‘सरकारने गेमवर बंदी घातली ना?’ ऑगस्ट २०२५ मध्ये झालेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमबद्दल आहे. हा गेम घरी, एकट्याने, इंटरनेटशिवाय चालतो. त्यातले डॉलर पडद्यावरचेच.

दुसरी काळजी मात्र रास्त आहे : पोरं खऱ्या रस्त्यावरही अशीच गाडी पळवतील, ही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा एका पदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्या गुळगुळीत रस्त्यावर पोरांचा हात शिवशिवतो. मुलाशी स्पष्ट बोला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते. गेममध्ये ‘रिस्टार्ट’ दाबून बघितलेलं वळण मूर्तिजापूरजवळ पुन्हा मिळत नाही, हे लेकराला तुम्हीच सांगायचं आहे.

सनीला हरवल्यावर

पहिला मोठा विजय मिळाला की सहा खुणा समोर येतात आणि त्यांतल्या दोन उचलायच्या असतात. तीन उघड्या असतात, गाडीचे खास भाग देणाऱ्या. उरलेल्या तिन्हींवर प्रश्नचिन्ह असतं, आणि हरलेल्याच्या गाडीचा कागद, म्हणजे ‘पिंक स्लिप’, त्यांच्यातच दडलेला असतो. सुरुवातीला दोन्ही खुणा प्रश्नचिन्हातून उचला. गाडी नाही मिळाली तरी रोख पैसे किंवा अटकेतून सुटायचा परवाना हाती येतो, आणि या टप्प्यावर तेही मोलाचं असतं.

गोल्फ मिळालीच तर कोबाल्ट लगेच विकू नका. हीट आणि अटकेच्या खुणा त्या त्या गाडीवर चढतात, तुमच्यावर नाही. एक गाडी तापली की ती गॅरेजमध्ये ठेवायची आणि दुसरी काढायची. टॅझपर्यंत या दोघी आलटून पालटून पुरतात.